फलकावर काय लिहायचं, हे कुणी ठरवायचं?

सिंहस्थ जवळ आला की नाशिककरांच्या बोलण्यात दोन विषय हमखास येतात. रस्ते कधी पुरे होणार, आणि गर्दीचं काय करणार. ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ चं पहिलं अमृतस्नान या तारखा जाहीर झाल्या, तेव्हाही हेच झालं. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजला मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली होती, आणि पंचवटीतल्या जुन्या माणसांना २७ ऑगस्ट २००३ पुन्हा आठवला होता. त्या दिवशी सरदार चौकाजवळच्या उताराच्या गल्लीत ३९ भाविकांचा जीव गेला. त्यांत बहुतेक बायका होत्या.

आता अशी कल्पना करा की उद्या नाशिकमध्ये सिंहस्थाचा इतिहास सांगणारं एक संग्रहालय उभं राहिलं. आखाड्यांची निशाणं, जुने फोटो, मिरवणुकांच्या चित्रफिती, सगळं छान मांडलंय. एका भिंतीवर २००३ साठी दोन बाय तीन फुटांची जागा राखलीय. त्या फलकावर काय लिहायचं?

एक मसुदा असा होऊ शकतो: ‘एका साधूने नाणी उधळली, ती वेचायला लोक धावले आणि चेंगराचेंगरी झाली.’ दुसरा असा: ‘मिरवणूक जाईपर्यंत हजारो भाविकांना बॅरिकेडमागे थोपवून धरलं होतं. गल्ली अरुंद, त्यात उतार, मागून रेटा. बॅरिकेड तुटले आणि पुढची माणसं खाली गेली.’ नाण्यांची गोष्ट तेव्हाच्या बातम्यांत आली होती. बॅरिकेड, उतार आणि गल्लीचीही आली होती. तरी पहिला फलक वाचून बाहेर पडणारा माणूस म्हणेल, ‘लोकच हावरट.’ दुसरा वाचणारा विचारेल, ‘एवढी माणसं त्या गल्लीत सोडली कुणी?’

शहरावर ओढवलेल्या दुःखाची गोष्ट संग्रहालयात सांगताना त्या दुःखातल्या माणसांना सामील करून घ्यावं, असं जगभर म्हटलं जातं ते या दोन वाक्यांमधल्या फरकामुळे. ऐकायला हे सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, पण प्रकरण तसं साधं आहे.

संग्रहालय गप्प नसतं

आपल्याला वाटतं, संग्रहालय म्हणजे काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तू. वस्तू काही बोलत नाहीत, मग त्यात पक्षपात कसला? पण कुठली वस्तू पेटीत ठेवायची, कुठली गोदामात, दिवा कशावर पाडायचा, खाली कोणती तीन ओळींची पट्टी लावायची, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. त्या माणसाला क्युरेटर म्हणतात. संग्रहाची निवड आणि मांडणी करणारा, असा त्याचा साधा अर्थ.

घरातलं माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो निवडतात, तो प्रसंग आठवा. पासपोर्टचा फोटो कुणी सुचवतं, कुणी लग्नातला. मग धाकटी मुलगी म्हणते, ‘नको, हुरडा खाताना काढलेला लावा. बाबा तसेच होते.’ तो फोटो निवडायचा हक्क फोटो स्टुडिओवाल्याला आपण देत नाही. तो चौकट नीट करतो, रंग सुधारतो, काच बसवतो. ते त्याचं कसब, आणि त्या कसबाची गरज असतेच. पण बाबा कसे होते, हे तो सांगणार नाही.

शब्दाचंही तसंच. हिंदी वाहिन्या ‘भगदड’ म्हणतात. त्यात पळणं आहे, म्हणजे दोष पळणाऱ्यांचा. मराठीत आपण ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो. त्यात माणूस चेंगरलाय, आणि हा शब्द खऱ्याच्या जास्त जवळ जातो. अशा घटनांत पुष्कळ लोक पायांखाली तुडवून मरत नाहीत, उभ्याउभ्या गुदमरतात. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली की छाती फुगायला जागाच उरत नाही. आत अडकलेला माणूस पुढच्याला मुद्दाम ढकलत नसतो. तो स्वतःच ढकलला जात असतो, आणि पुढे काय चाललंय ते मागच्यांना दिसत नाही. एवढा एक परिच्छेद फलकावर आला, तरी मेलेल्यांवरचा अर्धा आरोप उतरतो.

असा आरोप उतरवायला किती वर्षं लागू शकतात, याचं एक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्याला आलेली माणसं प्रेक्षागृहात चेंगरली. एकूण ९७ जणांचा जीव गेला. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी लगेच सांगून टाकलं की प्रेक्षक दारू पिऊन आले होते, त्यांनीच धुडगूस घातला. घरच्यांनी ते मान्य केलं नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने जुनी कागदपत्रं बाहेर काढली, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे मृत्यू बेकायदा घडवले गेले होते. मधे २७ वर्षं गेली. त्या काळात कुणी ‘अधिकृत’ माहितीवर संग्रहालय उभारलं असतं, तर खोटं वाक्य दगडात कोरलं गेलं असतं.

विचारणं म्हणजे नेमकं कधी विचारणं?

लग्नपत्रिकेचं प्रूफ घरात येतं तेव्हा काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. काका चष्मा लावून बसतात. आत्याचं नाव खाली गेलेलं असतं, मामांच्या नावापुढे ‘कै.’ लावायचं राहिलेलं असतं, गावाचं नाव चुकलेलं असतं. तासभर वाद होतो आणि पत्रिका सुधारते. आता हेच, पाचशे पत्रिका छापून, वाटून झाल्यावर काकांना विचारलं, ‘कशी झालीय?’ तर ते काय सांगणार? ‘छान’ म्हणतील आणि लग्नात तोंड फिरवून बसतील.

संग्रहालयांच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरा प्रकार होतो. इमारत होते, दालनं होतात, फलक छापून येतात, आणि उद्घाटनाच्या दिवशी पीडितांच्या दोन नातेवाइकांना पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ दिलं जातं. याला सहभाग म्हणायचं असेल, तर पत्रिका मिळालेला प्रत्येक जण यजमान झाला. सहभाग सुरू होतो प्रुफाच्याही आधी. इथे काही उभारायचं की नाही, उभारायचं तर कुठे, ही पहिली बैठक असते. तिथे खुर्ची मिळाली तरच ती खरी.

इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ म्युझियम्स या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये प्राग शहरात संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात समुदायांचा सहभाग हा शब्दप्रयोग आला. व्याख्येत येणं वेगळं, मांडणीत उतरणं वेगळं. उतरलेली दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं केपटाऊनचं. तिथली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि साठ हजारांहून अधिक लोकांना तिथून हुसकावलं गेलं. १९९४ च्या शेवटी एका जुन्या चर्चच्या इमारतीत संग्रहालय सुरू झालं, आणि तिथे जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरला गेला. जुने रहिवासी येत, वाकून आपली गल्ली शोधत आणि घर होतं तिथे हाताने नाव लिहीत. एका लांब कापडावर लोकांनी नावं आणि आठवणी लिहिल्या, त्या नंतर भरतकामाने पक्क्या केल्या गेल्या. नकाशा क्युरेटरांनी दिला, पण तो भरला लोकांनी.

दुसरं जवळचं, भोपाळचं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायुगळतीवर तिथे २०१४ मध्ये एक छोटं संग्रहालय उभं राहिलं, ते गॅसपीडितांच्या आणि त्यांच्या चळवळीतल्या लोकांच्या पुढाकाराने. सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा त्यांनी घेतला नाही. भिंतीवर टेलिफोनचे रिसीव्हर टांगलेत. तुम्ही एक उचलता, कानाला लावता आणि एखादी बाई तिच्या हिंदीत त्या रात्रीचं सांगू लागते. लोकांनी आपल्या तोंडाने सांगितलेलं असं कथन जपून ठेवण्याला मौखिक इतिहास म्हणतात. रिसीव्हरची युक्ती मला फार आवडते. फलक उभ्याने वाचून पुढे सरकता येतं, पण फोनवर बोलणारं माणूस मधेच तोडणं आपल्याला जमत नाही.

पण आपल्याकडचे ‘लोक’ कोण?

नाशिकपुरता प्रश्न इथे अवघड होतो. भोपाळमध्ये मेलेले आणि जगलेले त्याच वस्त्यांतले होते. २००३ मध्ये गेलेले भाविक मात्र बाहेरून आलेले, यात्रेकरू. त्यांचं दुःख त्यांच्या गावी गेलं. मग नाशिकमध्ये बैठक बोलावली तर येणार कोण? गल्लीतले दुकानदार, घाटावरचे फूलवाले, पुरोहित, त्या दिवशी बंदोबस्ताला असलेले पोलीस, इस्पितळातले कर्मचारी, स्वयंसेवक. हे सगळे साक्षीदार आहेत. त्यांचं ऐकलंच पाहिजे. पण ज्यांच्या घरी माणूस परतलं नाही ते या बैठकीत नसतील, आणि स्थानिकांची बैठक झाली म्हणजे समुदायाचा सहभाग झाला, असं लिहून फाइल बंद होईल. ही पळवाट मला सगळ्यात धोक्याची वाटते.

त्यांना शोधायचं कसं? आपल्या गावाला ही विद्या जुनीच आहे. रामकुंडावर दशक्रियेला आलेल्या माणसाला क्षेत्रोपाध्याय विचारतात: गाव कोणतं, आडनाव काय? मग नामावळीची लांबट चोपडी निघते आणि त्यात त्याच्या पणजोबांच्या हाताची सही सापडते. रेल्वे नव्हती तेव्हापासून परगावच्या माणसांशी इतका धागा या शहराने राखलाय. ३९ घरांचे पत्ते सरकारी दप्तरात असणारच, कारण अशा वेळी पंचनामे होतात, मदतीच्या याद्या होतात. त्या घरांना एक पत्र, त्यांच्या भाषेत, आणि त्यात एकच प्रश्न: ‘आम्ही असं काही मांडायचं म्हणतोय, तुम्हाला काय वाटतं?’ उत्तर नाही आलं तर तेही एक उत्तर.

२१ एप्रिल २०२१ ची गोष्ट वेगळी. महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशीच २२ रुग्ण दगावले. टाकीभोवती पसरलेला पांढरा ढग साऱ्या देशाने मोबाइलवर पाहिला. संग्रहालयाला ती चित्रफीत आयती मिळेल आणि ती मोठ्या पडद्यावर लावायचा मोहही होईल. पण गेलेल्यांचे नातेवाईक याच शहरात राहतात, त्याच रस्त्याने कामाला जातात. ती फीत पुन्हापुन्हा चालू ठेवायची की नाही, हे त्यांना न विचारता ठरवणं म्हणजे शेजारच्या घरातलं रडणं लाउडस्पीकरवर लावण्यासारखं आहे. शिवाय तो ढग बाहेरचा. आत वॉर्डात तेवढ्या वेळात काय झालं, ते फक्त तिथे असलेली माणसंच सांगू शकतात. परिचारिकाही सांगू शकतात. त्यांना कुणी पीडितांत धरत नाही.

जागा पुसली की पुरावा पुसला

जागेकडे आपलं लक्ष कमी जातं. अमृतसरला जालियनवाला बागेत जायची वाट अरुंद आहे. १३ एप्रिल १९१९ ला सैनिक त्याच वाटेने आत आले. ती वाट किती अरुंद होती हे अंगाला कळणं, हाच तिचा इतिहास. २०२१ मध्ये तिथलं नूतनीकरण झालं. वाटेच्या भिंतींवर माणसांचे पुतळे आले, रात्रीचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम आला, आणि इतिहासकारांनी व काही हुतात्म्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. जागा जास्त सुंदर झाली होती, ही त्यांची तक्रार होती.

पंचवटीत सध्या रुंदीकरण, फरसबंदी, सुशोभीकरण यांचा हंगाम आहे. लोकांच्या सुरक्षिततेसाठी रस्ता रुंद करायलाच हवा, स्मृतीसाठी अडचणीची गल्ली तशीच ठेवा असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण बुलडोझर येण्याआधी गल्लीची रुंदी मोजून ठेवा, उतार मोजा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्याला उभं करून विचारा की गर्दी कुठून कुठे वळते. पुढे संग्रहालयात जमिनीवर दोन रेघा ओढून ‘गल्ली एवढी होती’ असं दाखवता येईल. त्या दोन रेघांमध्ये उभं राहिल्यावर वेगळा फलक लागणार नाही.

‘झालं ते झालं, जखम कशाला उकरायची?’

हा आक्षेप बाहेरचेच जास्त घेतात, पण तो खोटा नाही. काहींना खरंच बोलायचं नसतं. म्हणून नकाराचा हक्क आधी, आमंत्रण नंतर. आज हो म्हणून उद्या फोटो परत मागण्याचीही मुभा हवी.

हिरोशिमाच्या संग्रहालयात एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा ती चालवणारा मुलगा तीन वर्षांचा होता. वडिलांनी त्याला घराच्या अंगणातच पुरलं, सायकल त्याच्यासोबत. सुमारे ४० वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांनी ती उकरून संग्रहालयाला दिली. जखम उकरली, पण कधी उकरायची ते बापाने ठरवलं. १९५५ पासून तिथे असलेल्या संग्रहालयाने वाट पाहिली.

‘लोकांच्या आठवणी चुकतात’

चुकतात. माझ्या घरचंच सांगतो. भांडी बाजाराकडच्या आमच्या जुन्या वाड्यात लाकडी खांबावर १९६९ च्या पुराची रेघ होती, आजीने गेरूने ओढलेली. समोरच्या काकू म्हणायच्या, पाणी त्याहून चार बोटं वर होतं. हा वाद दर पावसाळ्यात नव्याने व्हायचा. शेवटी काकूंनी एका दिवाळीच्या साफसफाईत स्वतःची रेघ वर ओढली. आजीने ती पुसली नाही, पण त्यानंतर दोन महिने काकूंना विरजण दिलं नाही.

नाशिकला पूर मोजायची अशी सवयच आहे. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. पाटबंधारे खात्याचा विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो आणि तो अचूक असतो. मारुतीची कंबर अचूक नाही, पण ‘कमरेला लागलं’ म्हटल्यावर कुणी दुकान आवरायचं आणि कुणी बघायला जायचं, हे सगळ्या गावाला कळतं. संग्रहालयात दोन्ही हवेत, आणि कुठलं काय आहे ते स्पष्ट लिहून. किती माणसं गेली, किती वाजता गेली, हे लोकांच्या मतदानाने ठरत नाही. ते दप्तरातून येतं आणि तपासावं लागतं. बॅरिकेडमागे तीन तास उभं राहिल्यावर काय वाटत होतं, हे दप्तरात नसतं. आणि जिथे दप्तर आणि साक्ष एकमेकांना छेद देतात, तिथे दोन्ही शेजारी लावून वाचणाऱ्याला वाचू द्यावं.

‘एकमत कधी होणार?’

होणार नाही. हिरोशिमातच जळालेल्या माणसांचे पुतळे दालनात होते. २०१७ मध्ये ते हटवले, खऱ्या वस्तूंना जागा मिळावी म्हणून. त्यावर बरेच लोक नाराज झाले. न्यूयॉर्कमध्ये २०१४ मध्ये उघडलेल्या ९/११ च्या संग्रहालयात ओळख न पटलेले अवशेष जमिनीखालच्या दालनात हलवले, तेव्हा काही कुटुंबं तोंडाला काळ्या पट्ट्या बांधून आली. इतर काहींना तेच योग्य वाटत होतं. सहभागामुळे भांडण टळेल, असं सांगणारा सल्लागार भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. भांडण होणारच. ते उद्घाटनाच्या आधी झालं तर फलक सुधारता येतो.

‘शहराची बदनामी होईल’ या आक्षेपावर फार शब्द खर्चत नाही. भुजला २००१ च्या भूकंपाचं स्मृतिवन २०२२ पासून उभं आहे आणि लोक ते बघायला मुद्दाम जातात. पैशाचं म्हणाल, तर भरतकामाचं कापड आणि जुन्या टेलिफोनचे रिसीव्हर महाग नसतात. महाग असतो तो वेळ, कारण पन्नास घरी जाऊन बसायचं म्हणजे दोन वर्षं सहज जातात आणि कंत्राटाची मुदत तेवढी नसते.

तोपर्यंत घरी काय करता येईल?

संग्रहालय होईल तेव्हा होईल. वस्तू त्याआधी नाहीशा होतात. कोविडच्या काळातले वॉर्डातून आलेले आवाजी निरोप जुन्या मोबाइलमध्ये पडलेत, आणि एक्स्चेंज ऑफरमध्ये ते मोबाइल जातायत. २००३ चे स्वयंसेवकांचे बिल्ले, घाटावर हरवले-सापडलेच्या घोषणा लिहिलेल्या वह्या कुणाच्या माळ्यावर असतील. सोबत एक चिठ्ठी ठेवा: कुणाचं, कधीचं, कुणी दिलं, आणि दाखवायला हरकत आहे की नाही. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात.

आमचा वाडा पाडला तेव्हा वडिलांनी मिस्त्रीला सांगून रेघांच्या जागचं खांबाचं हातभर लाकूड कापून घेतलं. मिस्त्रीने ते आधी सरपणात टाकलं होतं. आता ते आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय. कुणी संग्रहालयासाठी मागितलं तर देईन, पण त्याआधी काकूंच्या मुलाला विचारावं लागेल. वरची रेघ त्यांची आहे.